‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे : इंग्रजी काळांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी वाचकांचे सगळे प्रश्न इंग्रजी क्रियापदांच्या काळांबद्दलचे आहेत. पत्रं वेगवेगळ्या घरांतून आणि कामांतून आली असली तरी चुकीचं मूळ बहुतेक ठिकाणी एकच दिसतं. ‘आहे’ दिसलं की ‘हॅव’, ‘होतो’ दिसलं की ‘हॅड’ आणि ‘तोय’ दिसलं की ‘इंग’, अशा जोड्या शाळेत पक्क्या झालेल्या असतात. त्या जोड्या अधूनमधून बरोबर निघतात, म्हणून त्यांच्यावरचा विश्वास उडत नाही.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. बारा काळांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. तरी ‘काल आम्ही रंकाळ्यावर गेलो होतो’ याचं इंग्रजी तिनं ‘वी हॅड गॉन टू रंकाळा यस्टरडे’ असं केलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. तक्त्याप्रमाणे हा पूर्ण भूतकाळच आहे ना? मग चूक कुठे? – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : चूक तक्त्याच्या वापरात आहे. मराठीत ‘गेलो होतो’ म्हटलं की जाऊन आलो, ती गोष्ट आता संपली, एवढाच अर्थ असतो. सुट्टी, लग्न, जत्रा, दवाखाना, सगळं आपण ‘गेलो होतो’नंच सांगतो. हा ‘संपून मागे पडलं’ हा अर्थ इंग्रजीत साधा भूतकाळच दाखवतो. ‘वी वेंट टू रंकाळा यस्टरडे.’ वाक्य पूर्ण झालं.

‘हॅड गॉन’ला भूतकाळातली दुसरी एक घटना लागते. त्या घटनेच्याही आधी हे झालं होतं, एवढं सांगणं हेच ‘हॅड’चं काम. मुलीला एकच तपासणी शिकवा : ‘कशाच्या आधी?’ असं विचारायचं. उत्तर मिळालं तर ‘हॅड’, नाही तर साधा भूतकाळ. काल रंकाळ्यावर गेलो होतो. कशाच्या आधी? कशाच्याच नाही. म्हणून ‘वेंट’.

आता खरोखर ‘हॅड’ लागतो असं उदाहरण. ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ आपण पोचण्याआधीच गाडी सुटली, हातात काही लागलं नाही. त्याऐवजी ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट’ लिहिलं तर अर्थ बदलतो : आपण पोचलो आणि तेवढ्यात गाडी सुटली, म्हणजे ती डोळ्यांदेखत गेली. एका ‘हॅड’नं घटनांचा क्रम उलटतो, आणि तेवढ्यासाठीच तो ठेवलेला आहे.

म्हणूनच घटना घडल्या त्याच क्रमानं सांगत असाल तर ‘हॅड’ची गरज पडत नाही. राधानगरी धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं, १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, धरण पुरं झालं ते बऱ्याच वर्षांनी. हे ओळीनं सांगायचं तर तिन्ही वाक्यं साध्या भूतकाळात : ‘बिगॅन’, ‘पास्ड अवे’, ‘वॉज कम्प्लीटेड’. पण सुरुवात शेवटच्या घटनेपासून केली की मागे वळावं लागतं : ‘बाय द टाइम द डॅम वॉज कम्प्लीटेड, शाहू महाराज हॅड पास्ड अवे.’ निबंधात मुलं प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ घालतात, कारण मनातल्या मराठीत प्रत्येक वाक्याला ‘होतं’ असतं. तिच्या वहीतला एखादा जुना निबंध घ्या, प्रत्येक ‘हॅड’खाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि ‘कशाच्या आधी?’ विचारत पुढे जा. बहुतेक रेघा खोडरबराखाली जातील. ‘आय हॅड अ फीवर’ यातला ‘हॅड’ मात्र वेगळा. तिथे तो मुख्य क्रियापद आहे, त्याला या तपासणीत ओढू नका.

जाता जाता आणखी एक. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे आजवर कधी तरी जाऊन आलाय. फोनवर ‘साहेब कुठे आहेत?’ याला ‘ही हॅज बीन टू पुणे’ असं उत्तर दिलं तर समोरचा म्हणेल, छान, पण आता कुठे आहेत?

प्रश्न : मी फाउंड्रीत शिफ्टला असतो. ब्रेकडाउन रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. ‘द फर्नेस हॅज ट्रिप्ड अ‍ॅट २.३०’ (म्हणजे भट्टी अडीचला बंद पडली) असं मी लिहितो, तर साहेब ‘हॅज’ खोडतात. दुसऱ्या ओळीत मी ‘हॅज’ लिहिला नाही, तर तिथे घालतात. नेमका नियम काय? – शिरोली एमआयडीसी

उत्तर : तुमचे साहेब दोन्ही वेळा बरोबर आहेत. संपलेली वेळ वाक्यात सांगितली की ‘हॅज’, ‘हॅव’ बाद. अडीच वाजले आणि गेले. ‘यस्टरडे’, ‘लास्ट नाइट’, ‘इन २०१९’, ‘टू डेज अगो’, ‘अ‍ॅट २.३०’ यांतलं काहीही असलं तर साधा भूतकाळ. वेळ सांगितलेली नाही आणि घटनेचा परिणाम आत्ता समोर उभा आहे, अशा ठिकाणी ‘हॅज’, ‘हॅव’.

रिपोर्ट कसा दिसावा ते पाहा :

‘द फर्नेस ट्रिप्ड अ‍ॅट २.३० ए.एम. बिकॉज द कूलिंग वॉटर टेम्परेचर वॉज टू हाय. द पंप हॅड स्टॉप्ड अ‍ॅट २.१०. वी रिप्लेस्ड द पंप अ‍ॅट ३.१५. द फर्नेस हॅज बीन रनिंग नॉर्मली सिन्स ३.४०. वी हॅव ऑर्डर्ड अ स्पेअर पंप, बट इट हॅज नॉट अराइव्ड येट.’

‘ट्रिप्ड’ आणि ‘रिप्लेस्ड’ यांना घड्याळातली वेळ जोडलेली आहे, म्हणून साधा भूतकाळ. पंपाच्या वाक्यातही वेळ आहे, तरी तिथे ‘हॅड’ चालला, कारण आपण आधी ट्रिप सांगितली आणि मग तिच्या मागच्या कारणाकडे वळलो. कशाच्या आधी? ट्रिपच्या आधी. तीन चाळीसला सुरू झालेली भट्टी रिपोर्ट लिहिताना चालूच आहे, म्हणून ‘हॅज बीन रनिंग’. शेवटच्या वाक्यात ऑर्डर कधी दिली ते महत्त्वाचं नाही, दिलेली आहे आणि माल यायचा आहे, एवढंच साहेबांना कळायला हवं. ‘वी ऑर्डर्ड अ स्पेअर पंप ऑन मंडे’ असं वार घालून लिहिलंत तर तिथला ‘हॅव’ पुन्हा जाईल.

मराठीत ‘पासून’ एकटाच दोन कामं करतो : ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’. इंग्रजीत ही कामं वाटलेली आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ : ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स ३.४०’, ‘सिन्स धिस मॉर्निंग’. किती वेळ ते सांगायचं तर ‘फॉर’ : ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर टू अवर्स’. ‘सिन्स थ्री डेज’ ही आपल्याकडची सगळ्यात पसरलेली चूक असावी. आणि तिच्याबरोबर जोडीनं येणारी दुसरी : ‘द व्हॉल्व्ह इज लीकिंग सिन्स मंडे’. मराठीत ‘सोमवारपासून गळतोय’ बरोबर आहे, पण इंग्रजीत मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेल्या गोष्टीला नुसतं ‘इज’ पुरत नाही. ‘हॅज बीन लीकिंग सिन्स मंडे’.

मराठीतला साधा भूतकाळही इथे फसवतो. ‘जेवलास?’ यात ‘आहे’ नाही, तरी इंग्रजीत ‘हॅव यू ईटन?’. ‘पार्ट आला का?’ म्हणजे ‘हॅज द पार्ट अराइव्ड?’. मराठी शब्दात ‘आहे’ आहे की नाही हे बघून काही हाती लागत नाही, वेळ संपलीय का ते बघा. अमेरिकी गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये ‘डिड यू ईट येट?’ किंवा ‘वी जस्ट रिसीव्ह्ड इट’ असं दिसेल. ते चूक नाही, तिकडे ‘हॅव’च्या जागी साधा भूतकाळ सैलपणानं चालतो. तुम्ही मात्र एकाच रिपोर्टात दोन्ही पद्धती मिसळू नका.

प्रश्न : मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना मी म्हणतो, ‘आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०२२, आय अ‍ॅम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स, माय फादर इज डुइंग फार्मिंग.’ मित्र म्हणतो तिन्ही चूक. तिन्ही कशी चूक असतील? – गारगोटी

उत्तर : मित्राचं ऐका. पहिल्या वाक्यात वर्ष आहे, म्हणून ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२२’. वर्ष सांगायचं नसेल तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री’ खुशाल म्हणा.

दुसऱ्यात ‘हॅविंग’ नको. जवळ असणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं या स्थिती आहेत, चालू असलेल्या क्रिया नव्हेत. ‘हॅव’, ‘नो’, ‘वाँट’, ‘लाइक’, ‘नीड’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’ यांना या अर्थानं ‘इंग’ लागत नाही. ‘आय हॅव टू इयर्स एक्स्पीरियन्स’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ फीवर’. ‘वी आर हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ खाणं आहे आणि खाणं चालू असू शकतं.

अनुभवाच्या वाक्यात याहून महागात पडणारी एक चूक असते. ‘आय वर्क्ड इन अ फाउंड्री फॉर टू इयर्स’ म्हणजे दोन वर्षं केलं आणि सोडलं. ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ फाउंड्री फॉर टू इयर्स’ म्हणजे अजून करतोय. तुम्ही नोकरीत असूनही पहिलं वाक्य बोललात, तर समोरून लगेच प्रश्न येईल : का सोडली?

वडिलांचं वाक्य : ‘माय फादर इज अ फार्मर. ही ग्रोज शुगरकेन.’ नेहमीचा व्यवसाय साध्या वर्तमानकाळात. एखाद्या हंगामापुरती गोष्ट असेल तर ‘इंग’ शोभतं : ‘ही ग्रोज शुगरकेन, बट धिस इयर ही इज ग्रोइंग सोयाबीन.’ एकाच वाक्यात दोन काळ आले तरी घाबरायचं कारण नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

प्रश्न : ‘खाशाबा जाधव हॅज वन अ ब्राँझ मेडल’ हे वाक्य विद्यार्थ्यानं लिहिलं. वेळ सांगितलेली नाही, परिणाम म्हणजे पदक आहेच. मग हे बरोबर मानायचं का? – एक शिक्षक, करवीर तालुका

उत्तर : बरोबर मानू नका, पण विद्यार्थ्याला का ते सांगा, कारण नियम त्यानं नीट लावलाय. ‘हॅज वन’ म्हणताना त्या माणसाचं आयुष्य अजून चालू आहे, त्यात आणखी भर पडू शकते, असं गृहीत असतं. खाशाबांचं निधन १९८४ मध्ये झालं. म्हणून ‘खाशाबा जाधव वन अ ब्राँझ मेडल इन हेलसिंकी इन १९५२’, आणि वर्ष काढलं तरी ‘वन’च.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. त्याच्याबद्दल ‘स्वप्नील कुसाळे हॅज वन अ‍ॅन ऑलिंपिक मेडल’ बरोबर, आणि वर्ष घातलं की ‘वन अ‍ॅन ऑलिंपिक मेडल इन २०२४’. ‘कोल्हापूर हॅज प्रोड्यूस्ड मेनी रेसलर्स’ हेही बरोबर, कारण कर्ता कोल्हापूर आहे आणि तालमी अजून चालू आहेत. यातले पैलवान हयात आहेत की नाहीत याचा तिथे संबंध येत नाही.

प्रश्न : आम्ही चपला परदेशात पाठवतो. गिऱ्हाइकाला ‘पैसे आले की उद्या पाठवतो’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? ‘आय सेंड टुमारो व्हेन यू विल पे’ असं लिहिलं होतं. त्यांना कळलं, पण मुलगा हसला. – सुभाषनगर

उत्तर : या छोट्या वाक्यात मराठीनं दोन गमती केल्यात. काम पुढे व्हायचंय आणि आपण ‘पाठवतो’ म्हणतो, म्हणजे वर्तमान. पैसे अजून यायचेत आणि आपण ‘आले’ म्हणतो, म्हणजे भूत. इंग्रजीत मुख्य वाक्याला ‘विल’ लागतो, आणि ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ यांच्या बाजूला साधा वर्तमान. ‘वी विल शिप द पेअर अ‍ॅज सून अ‍ॅज वी रिसीव्ह द पेमेंट.’ तारीख पक्की करायची असेल तर ‘इफ यू पे टुडे, वी विल शिप इट टुमारो.’

अपवाद एक आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. ‘तुम्ही घरी कधी असाल ते कळवा’ : ‘प्लीज टेल अस व्हेन यू विल बी अ‍ॅट होम.’ इथे ‘व्हेन’ म्हणजे ‘कधी’, प्रश्न आहे, म्हणून ‘विल’ चालतो. ‘व्हेन’चा अर्थ ‘तेव्हा’ किंवा ‘की’ असेल तेव्हाच ‘विल’ काढायचा.

बाकी भविष्याचे प्रकार थोडक्यात. तिथल्या तिथे शब्द देताना ‘विल’. आधीच ठरवलेलं असेल तर ‘गोइंग टू’ : ‘वी आर गोइंग टू स्टार्ट अ न्यू डिझाइन’. वेळ, माणूस, जागा सगळं ठरलेलं असेल तर चालू वर्तमान : ‘द कुरिअर इज कमिंग अ‍ॅट फोर’. वेळापत्रकाला साधा वर्तमान : ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट नाइट’. आणि फोनवर ‘आलोच!’ म्हणायचं असेल तर ‘आय केम’ नको, ‘आय अ‍ॅम कमिंग’.

प्रश्न : ‘आधी कळलं असतं तर जनावरं हलवली असती.’ मी ‘इफ वी वुड हॅव नोन, वी वुड हॅव मूव्ह्ड द कॅटल’ असं केलं. दोन्हीकडे ‘असतं’ आहे, म्हणून दोन्हीकडे ‘वुड हॅव’. चुकलं का? – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, शिरोळ

उत्तर : अर्धं चुकलं. ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ नको. ‘इफ वी हॅड नोन अर्लिअर, वी वुड हॅव मूव्ह्ड द कॅटल.’ तुमच्या भागातल्या पुराचंच उदाहरण घेऊन तिन्ही पायऱ्या बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरतात.

घडू शकतं असं : ‘इफ द वॉटर क्रॉसेस ४३ फीट, दे विल क्लोज द रोड.’ मराठीत ‘ओलांडली तर’, इंग्रजीत वर्तमान.

आत्ता नाही, कल्पना : ‘इफ वी हॅड अ बोट, वी वुड गो नाऊ.’ नाव नाहीये. ‘हॅड’ दिसायला भूतकाळ, अर्थ आत्ताचा. ‘इफ आय वर यू’ यातला ‘वर’ही याच घरातला.

होऊन गेलं, आता बदलता येत नाही : ‘इफ वी हॅड नोन, वी वुड हॅव मूव्ह्ड.’ परीक्षेत रिकामी जागा भरताना आधी दुसरा भाग वाचा. तिथे ‘विल’ असेल तर ‘इफ’कडे वर्तमान, ‘वुड’ असेल तर साधा भूत, ‘वुड हॅव’ असेल तर ‘हॅड’. एवढ्यानं बहुतेक प्रश्न सुटतात. फक्त ‘नाऊ’सारखा शब्द दिसला तर थांबा. ‘इफ आय हॅड स्टडीड सायन्स, आय वुड बी अ डॉक्टर नाऊ’ असं मिश्र वाक्यही येतं. शिकलो नाही हे मागचं, डॉक्टर नाही हे आत्ताचं.

प्रश्न : ‘आय डिड नॉट वेंट’ यात भूतकाळ आहे म्हणून ‘वेंट’. यात वावगं काय? – नववीचा विद्यार्थी, कागल

उत्तर : भूतकाळ दोनदा झाला. ‘डिड’नं तो दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात : ‘आय डिड नॉट गो’, ‘डिड यू गो?’. ‘डज’चंही तसंच : ‘ही डज नॉट गोज’ नाही, ‘ही डज नॉट गो’.

प्रश्न : काळ पक्के व्हावेत म्हणून इंग्रजी पेपर रोज वाचायला सांगतात. पण ‘मिनिस्टर विझिट्स कोल्हापूर’ असा मथळा असतो आणि बातमी कालची असते. मग काय शिकायचं? – इचलकरंजी

उत्तर : मथळा सोडून द्या. घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानात लिहिणं ही मथळ्यांची स्वतंत्र रीत आहे, पुढच्या गोष्टीला तर ते नुसतं ‘टू’ लावतात : ‘मिनिस्टर टू विझिट कोल्हापूर’. निबंधात यातलं काही चालत नाही. बातमीचा पहिला परिच्छेद घ्या. मुख्य घटना वार घालून साध्या भूतकाळात येते : ‘व्हिजिटेड ऑन मंडे’. मंत्री काय म्हणाले ते ‘ही सेड’नंतर येतं, आणि तिथे ‘विल’चा ‘वुड’ झालेला दिसेल, ‘इज’चा ‘वॉज’. मराठीत ‘मी करीन, असं ते म्हणाले’ असं जसंच्या तसं ठेवतात, इंग्रजीत ‘ही सेड ही वुड डू इट’. पेन घेऊन एका बातमीतली फक्त क्रियापदं गोल करा आणि प्रत्येकाशेजारी ‘कधी?’चं उत्तर मराठीत लिहा. दहा ओळींची बातमी पुरे, अख्खं पान नको.